विहिरीत उतरलेला रंग

सुजाता सकाळीच माझ्या खोलीवर आली. सायकल भिंतीला टेकवून दारातूनच म्हणाली, “सर, विहीर हिरवी झाली. लोक म्हणून राहिले, कॉलेजवाल्यांनी जहर टाकलं.”

तेव्हा मी नागपूरच्या एका कॉलेजात जिऑलॉजी शिकवत होतो. आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली होती. ‘पर्यावरण’ हा शब्द नुकता कुठे कानावर पडू लागला होता. बी.एस्सी.च्या मुलांना मी प्रोजेक्ट दिला होता: आपल्या भागातलं पाणी कुठून येतं, ते पुढेही पुरेल का, आणि पिण्याजोगं राहील का. सुजाताने स्वतःची वस्ती निवडली. तिचे वडील गिरणीत कामाला होते. वस्तीत नळ नव्हता. सगळ्यांची भिस्त एका विहिरीवर. विहिरीच्या वरच्या अंगाला सार्वजनिक संडास होता आणि त्याचं पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे जमिनीत जिरवायच्या खड्ड्यात जायचं. ते विहिरीत तर उतरत नाही ना, हा तिचा प्रश्न होता.

यासाठी ट्रेसर टेस्ट असते. संशय असेल तिथे रंग सोडायचा आणि तो कुठे निघतो ते पाहायचं. फ्ल्युओरेसिन नावाची नारिंगी पूड असते, पाण्यात पडली की झगझगीत हिरवी दिसते. एवढ्याशा मात्रेत तिचा अपाय नाही. वस्तीतल्या जाणत्या मंडळींना सांगून आम्ही ती संडासाच्या खड्ड्यात सोडली होती. माझा अंदाज असा, की आलाच तर पुसट अंश येईल, तोही बऱ्याच दिवसांनी, आणि लॅबमधल्या दिव्याखालीच दिसेल. पण तिथला काळा खडक भेगाळलेला निघाला. रंग नळीतून यावा तसा आला, आणि डोळ्यांना दिसेल इतका आला.

“अजून एक आहे सर,” सुजाता म्हणाली. “शेजारच्या पोराले रातभर उलट्या-जुलाब झाले. दवाखान्यात नेलं त्याले.”

रंग निर्धोक आहे हे मला पाठ होतं. बाटलीवरचं लेबल मी स्वतः वाचलं होतं. तरी कपडे चढवताना मनात तेच: पुडीत भेसळ असेल तर? स्टोअरमध्ये कुणी बाटल्यांची अदलाबदल केली असेल तर?

वाटेत विभागप्रमुखांच्या घरी थांबलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. “तुम्ही जाऊ नका. प्रोजेक्ट मुलांचा होता, डिपार्टमेंटचा नव्हता, असं मी प्रिन्सिपॉलना कळवतो.”

“सर, ती मुलगी त्याच वस्तीत राहते,” मी म्हणालो.

मी निघालो.

विहिरीभोवती माणसं जमली होती. रिकाम्या गुंडांची, म्हणजे घागरींची, रांग तशीच लागलेली. मी आत डोकावलो. ऊन पडलं होतं तेवढ्या भागात पाणी पोपटी चमकत होतं. एरवी असा रिझल्ट पाहून मी हरखलो असतो. त्या दिवशी पटकन मागे सरलो. सुजाताचे वडील ड्यूटीवर न जाता एका बाजूला मान खाली घालून उभे होते. माझ्या जयभीमला त्यांनी उत्तर दिलं, पण वर पाहिलं नाही. आमचीच विहीर काहून घेतली, बंगल्यावाल्यांची काहून नाही, असं एकाने विचारलं. मी रंगाविषयी सांगू लागलो. दुसरी टेस्ट करू, तिसरी करू म्हणालो, पण कुणी ऐकेना. शेवटी एका धिप्पाड माणसाने बादली ओढली, लोटा भरला आणि माझ्यापुढे धरला.

“काही होत नाही ना गा मास्तर? मग पिऊन दाखव.”

मी लोटा हातात घेतला. त्यात काय आहे ते मला ठाऊक होतं. पण एवढ्या माणसांपुढे नाही म्हणण्यापेक्षा एक घोट घेणं मला सोपं वाटलं. लोटा तोंडाशी नेला आणि सुजाताने माझं मनगट पकडलं.

“पिऊ नका सर.” मग ती लोकांकडे वळली. “रंगानं काही होत नाही. पण रंग आम्ही विहिरीत टाकलाच नव्हता. संडासाच्या खड्ड्यात टाकला होता. जो रस्ता रंगाचा, तोच बाकीच्याचा.”

गर्दीत तिची आई होती. तिने पदर तोंडाला लावला. “मंग आमी इतके दिवस काय पिऊन राहिलो होतो वं?”

धिप्पाड माणसाने लोटा माझ्या हातातून घेतला आणि दूर नेऊन रिकामा केला. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, “मग आता पानी कुठून भरायचं बाबू?”

तिच्या आवाजात राग नव्हता. मी मात्र त्या प्रश्नासाठी काहीच तयारी केलेली नव्हती.

तिथून दवाखान्यात गेलो. पोराला सलाईन लावलं होतं. डॉक्टरांना रंगाचं नाव, मात्रा, सगळं सांगितलं. ते म्हणाले, तुमच्या रंगाचा संबंध नाही, या वस्तीतली पोरं दर उन्हाळ्यात येतात. संध्याकाळी पोराने डोळे उघडून पेज मागितली, तेव्हा कुठे मी बाकावर टेकलो.

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या बाया हिरवं पाणी गुंडांत भरून सदर भागातल्या पाणीपुरवठ्याच्या साहेबाच्या ऑफिसात घेऊन गेल्या. सुजाता पुढे होती. टँकर सुरू झाला, पण एक दिवस यायचा आणि दोन दिवस नाही. अख्खा उन्हाळा बायांनी लांबून पाणी आणलं आणि त्यातल्या काहींनी सुजाताच्या आईशी बोलणं टाकलं. संडासाचा खड्डा बुजवला गेला. नळ आला तो पावसाळा संपल्यावर. विभागप्रमुखांनी आमचा प्रोजेक्ट विद्यापीठाकडे पाठवला, डिपार्टमेंटच्या नावाने.

नंतर बरीच वर्षं मी मुलांना अशा टेस्ट शिकवल्या. रंग किती घ्यायचा, सँपल कधी काढायचं, हे नंतर. आधी एवढंच विचारायचो: उत्तर ‘हो’ आलं, तर उद्या सकाळी हे लोक पाणी कुठून भरतील? ज्याच्याकडे उत्तर नसेल, त्याला मी रंगाची बाटली देत नसे.