चुन्याखालची भिंत

मध्यभारत राज्य नवं होतं तेव्हा माझे वडील मलेरियाच्या दफ्तरात गणिती होते. डासांचं गणित मांडायला सरकार पगार देतं, यावर सराफ्यामागच्या आमच्या गल्लीत कोणाचा विश्वास बसत नसे. वडील मात्र पानावर बसूनही समजावत. तापाचं बीज डासाच्या पोटात पिकायला दीडेक आठवडा लागतो, म्हणून ताप देते ती म्हातारी मादीच. ती रक्त पिऊन भिंतीवर टेकते. भिंतीला डीडीटी असली की म्हातारी व्हायच्या आत मरते. सगळे डास मारायची गरज नाही, बहुतेक घरांच्या भिंती विषारी राहिल्या की पुरे, ताप आपोआप विझतो.

त्या वर्षी फवारणी झाल्यावर ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीची खोली म्हणजे स्वच्छ हवी. डीडीटीचा वास आणि भिंतींवरचे डाग आईला बघवेनात. तिने चुन्याचा चांगला जाड हात दिला, जमीन शेणाने सारवली. खोली अशी उजळली की शेजारणी बघायला आल्या. वडील तेव्हा दौऱ्यावर होते.

ते परतले तेव्हा ताई हिवतापाने फणफणली होती. कुनैन सुरू झालं, पण उशीर झाला होता. ताई गेली, पोटातलं मूलही गेलं.

तेराव्यानंतर वडील त्या खोलीत गेले आणि नखाने भिंत खरवडू लागले. चुन्याखाली डीडीटीचे डाग तसेच होते, पण डास टेकत होते ते वरच्या चुन्यावर. मी दाराशीच होते. आई मागून आली.

"अहो, दवाई तर मारली होती ना घरात? फिर ताप आला कुठून?"

वडिलांनी हात धोतराला पुसला. "यंदाची दवाईच कच्ची निघाली. पानी जास्त होतं तिच्यात."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल फार माया वाटली. दुसरं काय सांगणार होते ते तिला?

पण आईने ते खरं मानलं, आणि दुःखात माणूस बोलतोच. तिने दारोदारी सांगितलं, सरकारी दवाई म्हणजे नुसतं पाणी, माझी पोर गेली. पुढच्या वर्षी फवारणीवाले आले तर गल्लीत एकही दार उघडलं नाही. वडील ओट्यावर मान खाली घालून बसून राहिले. बायका म्हणाल्या, दवाईत पाणी होतं की नाही, ह्यांनाच विचारा. फवारणीवाल्यांनी विचारलंही.

वडील उठून आत गेले. त्या पावसाळ्यात समोरच्या घरातली सून हिवतापाने गेली, तीही पोटुशी होती.