वालाच्या शेतातले न्यूट्रॉन

आमच्या नोंदवहीत 'शेरा' नावाचा एक रकाना आहे. रुंदी दोन बोटं. त्यात 'ढगाळ' किंवा 'बॅटरी बदलली' एवढंच मावतं. बाकीचं मी पोटात ठेवते आणि रोह्याहून पेणला घरी जाताना एसटीत एकटीच चरफडते. आता पोटातही जागा नाही!

आधी काम सांगते. आकाशातून कॉस्मिक किरण येतात, त्यांच्यामुळे न्यूट्रॉन तयार होतात, आमचं मशीन ते मोजतं. आसपास पाणी जास्त, तर न्यूट्रॉन कमी. बस! एक मशीन हिमालयातल्या स्टेशनवर. तिथे बसतात ते 'वरचे सर', माझे साहेब. दुसरं रोह्याजवळ हिराजीकाकांच्या शेतात, खांबावर. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर इथे वाल होतो. ती ओल किती दिवस टिकते, ते बघायचं.

एका हंगामाची ट्रायल. आकडे धड आले नाहीत तर मशीन वर जाणार आणि मी पेणला, बाबांच्या गणपतीच्या कारखान्यात. बाबांनी आधीच सांगून ठेवलंय, "तुझा हात थरथरतो. डोळे नको, तू उंदीर रंगव!"

*

पहिल्याच दिवशी हिराजीकाकांची बायको, म्हणजे काकी, खांबाखाली येऊन उभ्या राहिल्या.

"दिसतात काय गो ते?"

"नाही."

"वास?"

"नाही काकी."

"मग आवाज तरी?"

"नाही हो!"

काकींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "आन् ह्याच्यासाठी तुला कॉलेजात घातली?"

*

मी दचकते. लहानपणापासून. एका दुपारी मशीनचं झाकण उघडलं आणि त्याच क्षणी भोंगा वाजला. मी बांधावरून जी पळाले, एक चप्पल तिथेच! धापा टाकत सरांना फोन केला, "सर, अलार्म वाजतोय!"

सर शांतपणे म्हणाले, "त्या मशीनला अलार्मच नाहीये."

पलीकडच्या बांधावरून काका ओरडले, "अगो, धाटावच्या कंपनीची शिफ्ट सुटली! रोजच सुटते!"

*

मशीनचे आकडे पडताळायला शेतातली माती लागते. ओली तोलायची, वाळवायची, पुन्हा तोलायची. मी दिवसभर उन्हात खणून अठरा पिशव्या भरल्या, नंबर घातले आणि काकींच्या ओटीवर ठेवल्या. सकाळी येते तर पिशव्या रिकाम्या, आणि काकींची चूल गुळगुळीत सारवलेली!

मला रडूच फुटलं. काकी गोंधळल्या. "आमच्याच शेतातली ना? मग रडतेस कशाला? जा, आणखी आण. खड्डे हायत अजून."

*

जानेवारीत सरांचा फोन. "आकडे एकदम खाली आलेत. पाऊस झाला?"

"नाही सर."

"शेताला पाणी सोडलं?"

"इथे वालाला पाणी देतच नाहीत, सर."

धावत शेतावर गेले. खांब गळ्यापर्यंत पेंढ्यात! काका शेवटची पेंढी लावत होते.

"काका! हे काय?"

"थंडीचा उघडा उभा होता बिचारा."

पेंढ्यातही पाण्यासारखाच हायड्रोजन असतो, न्यूट्रॉन त्यातही अडकतात, हे मी त्यांना अर्धा तास समजावलं. काकांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय. पण थंडी हाय ना."

सरांनी मात्र एकच वाक्य ऐकवलं, "असा आणखी एक खड्डा ग्राफमध्ये दिसला, तर मी स्वतः येऊन मशीन घेऊन जाईन."

*

खड्डा दिसला. सर आले!

बांधावर लॅपटॉप उघडून त्यांनी बोट ठेवलं. "शनिवार. चार ते सहा. काय झालं होतं?"

मी काकांकडे बघितलं. काका पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत होते. माझ्या डोळ्यांपुढे उंदीरच उंदीर.

"सांगा की आता," काकी म्हणाल्या. "पोपटी लावलेली, साहेब. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून भांबुर्डीचा पाला. मडकं पालथं घालून भोवती जाळ. खांबाला कुंपण हाय, गुरं येत नायत, म्हणून अख्खी वाडी तिथंच बसली."

"आत? खांबाला टेकून?"

"टेकायला बरा हाय," काका पुटपुटले.

"किती माणसं?"

"पन्नास-साठ. पोरं नाय धरली."

सरांनी ग्राफ मोठा करून पुन्हा बघितला. "माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच," ते स्वतःशीच म्हणाले.

"आमच्या ह्यांच्यात मातीच जास्त," काकी म्हणाल्या. "साहेब, तुमच्या वरती वाल होतो काय?"

"नाही. बर्फ होतो."

"मग मशीन वर नेऊन काय मोजणार?"

सरांनी माझ्याकडून नोंदवही मागून घेतली. मी दिली. शनिवारच्या ओळीपुढे, त्या दोन बोटांच्या रकान्यात, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं:

'पोपटी. खात्रीसाठी येत्या शनिवारी पुन्हा लावणे. मी हजर.'