नाकासमोरचा माणूस

हे मी कुणाशीच बोललेलो नाही. बायकोशी नाही, पुण्याच्या मित्रांशी नाही — आणि ज्याला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर मुळीच नाही. तुमच्याशी बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर आत्तासुद्धा मी विषय बदलून ट्रकवर घसरलो असतो. ती माझी जुनी सवय.

ट्रकवर बोलावं लागणारच आहे म्हणा. पुण्यात ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात होतो, मग इकडे आलो. राहतो शारजाला, नोकरी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, एका मराठी मालकाच्या ट्रान्सपोर्ट कंपनीत. सेफ्टी मॅनेजर. म्हणजे ड्रायव्हरने किती तास चालवायचं, माल कसा बांधायचा, यार्डात कुठून चालायचं हे सगळ्यांना सांगायचं आणि कुणी ऐकलं नाही की ओरडायचं. कुणी ऐकत नाही. त्यामुळे बहुतेक वेळ ओरडतच असतो.

आमचे मालक, नाडकर्णी साहेब, मुलाकडे अमेरिकेला जाऊन आले आणि तिकडच्या ट्रकच्या प्रेमात पडले. लांब नाकाचा ट्रक — इंजिन पुढे, ड्रायव्हर मागे, दोन्ही बाजूंना चकचकीत धुरांडी. मी सांगून सांगून थकलो. साहेब, तिकडे ट्रेलरची लांबी मोजतात, ट्रकच्या नाकाची कुणी मोजत नाही, रस्तेही सरळसोट. युरोपात ट्रक आणि ट्रेलर मिळून सगळी लांबी मोजतात, म्हणून त्यांनी ड्रायव्हरला इंजिनाच्या डोक्यावर बसवलं आणि नाकच कापून टाकलं. आपलं यार्ड केवढं, त्यातली वळणं केवढी! शिवाय त्या नाकाला लागून माणूस उभा असला तर ड्रायव्हरला दिसत नाही. माझ्या उंचीचा तर नाहीच नाही.

साहेब हसायचे. "अहो पाटणकर, गाडीचा रुबाब बघा की!"

रुबाब! 

तासांचंही तेच. युरोपात साडेचार तास चालवलं की पाऊण तास थांबायचं म्हणजे थांबायचं. दिवसाला नऊ तास, क्वचित दहा. अमेरिकेत दिवसाला अकरा चालतात आणि आठ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. माल घाईचा असला की साहेबांना अमेरिका आठवायची. विमा कंपनीची माणसं यायची असली की युरोप. डोकं उठायचं माझं. आणि घरी आलो की पुन्हा तेच — पुण्याच्या जुन्या सहकाऱ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. युरोप भारी की अमेरिका? वर्षानुवर्षं हाच वाद. त्यातले निम्मे कधी अमेरिकेला गेले नव्हते, आणि मी कधी युरोपला.

हे सगळं का सांगत बसलोय? कारण मला तो वाद जिंकायचा होता. सबब म्हणून नाही सांगत. तसं होतं, इतकंच.

तर तो ट्रक आला. सेकंडहँड, लालभडक. साहेबांनी हार घातला, नारळ फोडला आणि किल्ली गुलजमानच्या हातात दिली. गुलजमान खान, पेशावरकडचा, आमचा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. मेंदी लावलेली दाढी आरशात बघून विंचरल्याशिवाय गाडी सुरू करायचा नाही. मी त्याच्या खांद्याला लागतो, म्हणून मला 'छोटा साब' म्हणायचा — तोंडावर. सुट्टीवरून परतला की सुकवलेली तुती आणायचा माझ्यासाठी. मी त्याच्यावरही ओरडायचो. तो "यल्ला साब, चलो, चाय पियो" म्हणून गप्प करायचा.

आता येतोच मुद्द्यावर.

उन्हाळ्यातली दुपार होती. इथे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला बंदी असते, त्यामुळे यार्ड ओस, सगळे आत; गाड्यांची ये-जा तेवढी चालू. मी कॅन्टीनमधून ऑफिसकडे निघालो. चालायचं ते पिवळ्या पट्ट्यांमधून. पट्टे मीच आखून घेतलेले, त्याबाहेर पाय टाकला म्हणून मी लोकांना मेमो दिलेले. पण ऊन मी मी म्हणत होतं, आणि पाइपांच्या ढिगांमधून वाट जवळची होती. हातात मोबाइल. ग्रुपवर कुणीतरी अमेरिकन ट्रकचं कौतुक केलं होतं, आणि मी चालता चालता त्याला उत्तर टाइप करत होतो — की बाबा रे, त्या नाकापुढे कोण आहे ते ड्रायव्हरला दिसतच नाही.

हो. हेच टाइप करत होतो.

ढिगामागून बाहेर पडलो आणि लाल नाक थेट अंगावर आलं. हॉर्न वगैरे काही नाही. ब्रेकच्या हवेचा फुत्कार, आणि ते अजस्र नाक एकदम बाजूला वळलं. मला धक्कासुद्धा लागला नाही. ट्रक गेटजवळच्या वॉचमनच्या केबिनवर जाऊन आदळला. केबिन डब्यासारखी चेपली. वॉचमन नमाजाला गेला होता म्हणून वाचला. ट्रेलरवरचे पाइप पुढे सरकले आणि ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यात घुसले. गुलजमानचा खांदा मोडला.

आणि मी? मी धावलो — त्याच्याकडे नाही. मागे, ढिगाच्या आड. आवाज ऐकून लोक बाहेर पळत आले तेव्हा वळसा घालून त्यांच्यात मिसळलो, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडलो, "क्या हुआ? क्या हुआ?" इतकं सहज जमेल असं मला वाटलं नव्हतं.

पोलीस आले, ड्रायव्हरचा ताबा सुटला असं ठरवून गेले. कंपनीतली चौकशी करायची कुणी? सेफ्टी मॅनेजरने. अपघाताच्या वेळी तुम्ही कुठे होता, हे मी सगळ्यांना विचारलं. मला कोण विचारणार?

हॉस्पिटलमध्ये त्याच्या उशाशी बसलो. तो कण्हत होता, पण बोलणं साफ होतं. "साब, सामने आदमी था. सफेद टोपी देखा हम ने."

पांढरं हेल्मेट. ऑफिसच्या सगळ्यांचीच हेल्मेटं पांढरी.

"कौन था?" मी विचारलं. मी!

"मालूम नहीं. चेहरा नहीं दिखा. पर था, साब. खुदा की कसम, था."

तेव्हा सांगता आलं असतं. सांगण्यासारखं तेवढंच तर होतं — खान, मी होतो, तू मला वाचवलंस. त्याऐवजी मी म्हणालो, "कॅमेरे में तो कोई नहीं है, खान." वाक्य खरं होतं. कॅमेरा गेटबाहेरच्या रस्त्याकडे रोखलेला होता, यार्डातलं त्यात काहीच येत नव्हतं. पण तो ते ऐकून छताकडे बघत राहिला.

साहेब म्हणाले, "झोप लागली असणार त्याला." मी म्हणालो, "शक्य आहे, साहेब. त्या आठवड्यात त्याचे तास फार झाले होते." हेही खरंच. एकेक खरं वाक्य बोलत मी ते खोटं पूर्ण केलं.

आणि वाद जिंकलो! साहेब हादरले होते. लाल ट्रक विकला. नंतरच्या सगळ्या गाड्या युरोपियन, बिननाकाच्या. साडेचार तासांनी पाऊण तास विश्रांती — साहेब स्वतः लोकांना दटावून सांगायला लागले. दुबईच्या करामा भागात मराठी मंडळींसमोर रस्तासुरक्षेवर माझं भाषण झालं, टाळ्या पडल्या. घरी येताना मुलगी गाडीत म्हणाली, "यू वर राइट ऑल अलाँग, बाबा." बायको कौतुकाने बघत होती. लोक मला सरळ, नाकासमोर चालणारा माणूस म्हणतात. मला ओरडावंसं वाटतं — पण कुणावर? नियम चांगलाच आहे. आमचे ड्रायव्हर आता डोळे चोळत परत येत नाहीत. तो नियम मोडून टाकावा असंही म्हणता येत नाही मला. या गोष्टीने जितकं पित्त खवळतं तितकं दुसऱ्या कशाने नाही.

गुलजमानला पुन्हा गाडी मिळाली नाही. खलास. मीच शब्द टाकून त्याला जवळच्या एका गोदामावर वॉचमन म्हणून लावून दिलं. ड्रायव्हर त्याला 'नींदवाला खान' म्हणायचे. त्याने माझे आभार मानले. मी ते घेतले.

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी त्या गोदामावर गेलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. दाढी पांढरी सोडून दिलेली. म्हणाला, डॉक्टरला डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाला, नजर एकदम साफ. "तो फिर दिमाग का गलती है, साब." गावी गेला तेव्हा भावाने पिकअप चालवायला दिली, तर त्याने हात लावला नाही. रस्त्यात समोर माणूस दिसला की बरोबरच्याला विचारतो — तिथे खरंच कुणी आहे का? हे सांगताना तो हसत होता. मग हसायचा थांबला.

"साब, आप पढ़ा-लिखा आदमी है. उस दिन आप ने सब जाँच किया. सच बोलो — उधर कोई था?"

आसपास कुणी नव्हतं. ना साहेब, ना पोलीस. प्रकरण केव्हाच मिटलेलं. फार तर नोकरी गेली असती; बहुतेक तीही नाही. तो माझ्याकडे बघत वाट पाहत होता.

"नहीं, खान," मी म्हणालो. "कोई नहीं था."

त्याने मान हलवली. "अच्छा किया, साब, बोल दिया. अब हम किसी से नहीं पूछेगा."

पहिल्यांदा खोटं बोललो तेव्हा मी घाबरलेला होतो. या वेळी नव्हतो. चहा संपवला, त्याच्या हातात हात दिला आणि निघालो.