चुलीत गेलेली स्वाहिलीची वही

माझ्या नवऱ्याची वही मी चुलीत घातली होती.

आणि त्याच वहीवर त्यांची सुटका अवलंबून होती.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. घरातले म्हणाले, आजी, एक फोटो टाक, दोन ओळी लिही. दोन ओळींत मावणारा माणूस नव्हता तो. म्हणून सगळंच लिहितेय. चष्मा जुना, बोटं जाड, टायपिंगच्या चुका पोटात घाला.

पासष्टच्या लढाईचे दिवस. मोताळ्याजवळचं लहान गाव, हे तिथल्या शाळेत मास्तर. माझं लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं.

बाकीच्यांच्या नवऱ्यांना तंबाखूचा नाद, पत्त्यांचा नाद. माझ्या नवऱ्याला स्वाहिलीचा!

मलकापूरच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, आफ्रिकेतली ही भाषा शिकवणारं. रेडिओचं बटण फिरवून फिरवून ते तिकडचं स्टेशन लावायचे. खरखरच जास्त, तरी कान लावून बसायचे. वर ‘तुमचा आवाज आमच्या गावात इतका स्पष्ट येतो’ असं पत्र त्या स्टेशनला पाठवायचे.

मी एकदा विचारलं, "हे बोलसान कोणासंग?"

"सध्या तं तुह्याच संग," म्हणाले.

सकाळी मी भाकरी थापायला बसले की हे समोर पाटावर. वही पिठाच्या डब्याला टेकवलेली, तोंड माझ्याकडे. मी मराठी शब्द विचारायचा, यांनी स्वाहिली सांगायचा.

मीठ? चुम्वी. पाणी? माजी.

चुकले की करपलेली भाकर त्यांच्या ताटात. कधी कधी मी मुद्दाम करपवायची, खोटं कशाला बोलू.

मग शाळेत निघताना उंबऱ्यावरून म्हणायचे, "क्वाहेरी." म्हणजे येतो. निरोप देणाऱ्यानंही हेच म्हणायचं.

मी उत्तर द्यायची नाही. ओसरीवर सासरे बसलेले असायचे. जी बाई नवऱ्याचं नावसुद्धा घेत नाही, ती परक्या भाषेत निरोप देणार?

त्या दिवशीही दिला नाही.

दुपारच्या आत बातमी आली. त्या स्टेशनचं उत्तर आलं होतं, परदेशी तिकिटं लावलेलं. कोणीतरी चौकीत जाऊन सांगितलं, मास्तर हेर आहे. पोलिसांनी त्यांना भरल्या वर्गातून उचललं.

सासरे धावत आत आले. मी त्यांना मामाजी म्हणायची.

"झडतीले येऊन राह्यले ते. सारं जाळून टाक, सूनबाई!"

मी विचार केलाच नाही. वही टराटरा फाडली आणि चुलीत घातली. पानं भराभर जळाली. पुठ्ठा मात्र जळता जळेना, आणि तेवढ्यात जीप दारात.

हे दोन शिपायांच्या मध्ये उभे. मला बघून चक्क हसले.

"ते वही दे साहेबाले," म्हणाले. "मी सांगतलं त्याईले. साहेबापाशी हाय त्या पुस्तकातलेच शब्द हायेत तिच्यात, दुसरं काही नाही."

मी चुलीकडे बघितलं.

फौजदारांनी चुलीत काठी घालून अर्धा पुठ्ठा बाहेर ओढला.

"लपवाचं काही नव्हतं, तं जाळलं काऊन?"

हे माझ्याकडे बघत राहिले. हसू गेलं होतं. नोकरी जाणार, तुरुंग होणार, आणि तिथे पाठवणारी मीच. असं टेन्शन मी आयुष्यात पुन्हा घेतलं नाही, बाळंतपणातही नाही.

फौजदारांनी कागद काढला. "नवऱ्याचं नाव सांग."

मी मामाजींकडे बघितलं.

"नावही सांगून नाही राह्यली!" एक शिपाई हसला.

त्याच्या हसण्याचा मला असा राग आला की भीती मागे पडली. शाळेतून जप्त केलेलं ते रद्दीतलं पुस्तक फौजदारांच्या काखेत होतं. मी पदर सावरला.

"साहेब, वही म्या जाळली. त्याईले माहीतही नाही. पण तिच्यातलं सारं मले येते. पुस्तक तुमच्यापाशी हाय. इचारा."

मामाजींनी डोळे मिटून घेतले.

फौजदारांनी मधलंच पान उघडलं. इंग्रजी वाचून मराठीत विचारायला लागले.

"घर?"
"न्युंबा."
"शेळी?"
"म्बुझी."
"कापूस?"
"पाम्बा."

पानं उलटत गेली. त्यांचा आवाज चढला, माझाही चढला.

"पाऊस?"
"म्वुआ."
"विस्तव?"

"मोतो," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. राख समोरच होती.

"तुले कोणं शिकवलं?"

"कोणीच नाही. त्याईची परीक्षा मलेच घ्या लागते. रोज, भाकरी थापता थापता."

फौजदारांनी पुस्तक मिटलं. मग शिपायाला म्हणाले, "बायकोपुढं पाठ म्हणते, ह्यो कायचा हेर? सोड त्याले."

पुस्तक आणि रेडिओ मात्र घेऊन गेले. रेडिओ परत मिळाला. पुस्तक नाही.

हे सुटले खरे, पण तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कोणत्याच भाषेत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी भाकरी थापायची, समोर रिकामा पाट.

चौथ्या दिवशी येऊन बसले. हातात कोरी वही.

"सांग."

"काय?"

"सारं. पहिल्या पानापासून. मी लिहितो."

मी थापत गेले, सांगत गेले. हे लिहीत गेले. त्या दिवशी भाकरी खरोखरच करपल्या.

फोटोत आहे ती हीच वही. पुढे त्यांनी आफ्रिकेतलीच झुलू भाषाही शिकायला घेतली, तिची वही वेगळी. परीक्षा घेणारी तीच.

गेल्या वर्षी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "क्वाहेरी."

आणि तेव्हाही मी नुसती मान हलवली. खाटेभोवती सुना, जावई उभे होते. मेली सवय!

त्याचीच टोचणी वर्षभर लागून राहिलीये. आता ओसरीवर कोणी नाही. उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव आज सगळ्यांसमोर लिहिते.

क्वाहेरी, नारायण.