‘मले’ आणि ‘मला’

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर मुळीच नाही — कारण गोष्ट तिच्या माहेरातून सुरू होते. तुम्हाला सांगतो आहे, आणि सांगतानाही तुमच्या तोंडाकडे पाहतो आहे. हे ऐकून तुम्ही कोणापाशी बोलाल? माझा स्वभावच असा. संशय आधी, माणूस मागून.

सत्तरच्या दशकात जऊळक्याला आमची गायन पार्टी होती. पाच जण. मी पेटीवर, पुढे सुदाम. गाणी तोच रचायचा, तोच गायचा. शाळा दुसरीतच सुटलेली, पण जयंतीच्या मंडपात त्याने तोंड उघडलं की पाठीमागच्या बायका पुढे सरकायच्या. त्याच्याच एका नव्या गाण्यावर मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचं पत्र आलं — ‘खुरपं राहू दे माय, पाटी दे मले’. छोटी रेकॉर्ड, एका बाजूला एकच गाणं. रेकॉर्ड होईपर्यंत हे गाणं कुठेच म्हणायचं नाही, असं आम्ही ठरवलं.

पत्र आल्यापासून मी सुदामवर नजर ठेवून होतो. हा मुंबईला जाईल, नाव याचं होईल, मग पेटीवाल्याला कोण विचारतो? तो हसला तरी मला वाटायचं, काहीतरी दडवतो आहे. दडवत होता कोण?

त्याच महिन्यात मी सासुरवाडीला, मानोऱ्याला गेलो. सासरे मास्तर. जेवणं झाल्यावर मेहुणा म्हणाला, भाऊजी, नवं काही ऐकवा. मोठेपणा कोणाला नको असतो? मी ते गाणं म्हटलं. एकदा नाही, तीनदा. मेहुणा वही मांडीवर घेऊन उतरवत होता, आणि मी बघून न बघितल्यासारखं केलं. फक्त एक झालं — मास्तरांसमोर ‘मले’ म्हणायची लाज वाटली. मी ‘मला’ म्हटलं.

पुढे जवळच्याच मालेगावच्या जयंतीला आमची पार्टी गेली. सुदाम तापाने घरी. आमच्या आधी मानोऱ्याची पार्टी बसली, आणि त्यांनी उचललं ते आमचंच गाणं. ‘पाटी दे मला.’ तबलजी कोंडिबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “आपलं गानं यायच्या तोंडी कसं? कोनं देल्लं?”

मला त्या क्षणीच कळलं होतं. सुदामच्या जिभेवर ‘मला’ कधी बसलाच नाही. त्याने दिलं असतं, तर ‘मले’ आलं असतं. कोंडिबांना ते उमगलं नाही, बाकीच्यांनाही नाही. मी मात्र — मी म्हणालो, मागच्या बुधवारी बाजारात सुदामला मी यांच्या पेटीवाल्याशेजारी बसलेलं पाहिलं. वरून हेही म्हणालो, की पेटीवाल्याच्या मांडीवर वही होती. खोटं बोलायलासुद्धा मला दुसरीकडे जावं लागलं नाही, मेहुण्याची वही तिथे नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सगळे सुदामच्या दारात. तो घोंगडी पांघरून बाहेर आला. “बुधवारी मी वावरात होतो. इचारा कोनालेबी,” एवढंच म्हणाला. विचारलं कोणी नाही. मी समोर उभा होतो ना, डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा. त्याला पार्टीतून काढलं.

मुंबईला मी गायलो. तिथल्या माणसाने सांगितलं, गाणं तीन मिनिटांत बसत नाही, एक कडवं काढा. कोणतं, हे मलाच विचारलं. मी शेवटचं काढलं — ज्यात ‘सुदाम म्हणे’ होतं. रेकॉर्डवर नाव माझं छापून आलं.

काही महिन्यांनी मालेगावच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात, मालक कर्ण्यावर ती रेकॉर्ड लावत होता. मी ऐटीत बाकावर बसलेलो. बशी हातात घेऊन सुदाम खांबाशी उभा होता, ते मला उशिरा दिसलं. त्याने गाणं पूर्ण ऐकलं. शेवटचं कडवं आलं नाही, सुई घासत राहिली. मग तो माझ्याजवळ आला.

“आपल्या पार्टीत ‘मला’ म्हननारा तूच निंगाला नामा,” तो म्हणाला. “मानोऱ्याची पार्टीबी ‘मला’च म्हनते म्हनतात.”

चहा संपवला, बशी ठेवली आणि बसमध्ये जाऊन बसला.

त्यानंतर मी वर्षानुवर्षं त्याच्यावर पहारा केला. आज सांगेल, उद्या सांगेल. कोंडिबांशी बोलताना दिसला की मी जवळ जाऊन उभा राहायचो. का सांगत नाही हा? यात याचा काय डाव? डाव नव्हता. त्याने कोणालाच सांगितलं नाही, आणि पुन्हा गाणंही रचलं नाही. मागच्या वर्षी तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोकांनी मलाच तेच गाणं म्हणायला लावलं. मी म्हटलं. शेवटचं कडवं मला आठवेना. आणि ते आठवणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

सुदाम त्या बुधवारी बाजारात नव्हता. मी त्याला पाहिलं नव्हतं. गाणं मी दिलं.