सायकलींपाशी थांबणारी आजी

ही गेली त्याच्या आदल्या रविवारी दुपारी चहा पिता पिता आम्ही दोघांनी एक जुना अमेरिकन सिनेमा बघितला. आमच्या मुलीनं, वंदनानं, लायब्ररीतून डीव्हीडी आणलेली. बोलणं इंग्रजी, खाली डच अक्षरं. मी सातवी पास, एसटीच्या डेपोत नट-बोल्टांवर पाने फिरवलेला माणूस. तरी गोष्ट कळली. काळी आई, तिची गोरी दिसणारी पोर. आई शाळेत जाते, तर पोर तोंड लपवते. ही रडली नाही. बशी खाली ठेवून म्हणाली, "अहो, आपल्या लीनाचं काय वेगळं आहे?"

लीना आमची नात, नऊ वर्षांची. जावई इथलाच, हॉलंडचा; पोर त्याच्यावर गेलीय, गोरीपान. ही काळी. पातळावर जावयाचा जुना कोट चढवून रोज तिला शाळेत सोडायची. अ‍ॅमस्टेलव्हीनला आल्यापासून तेवढंच तिचं बाहेर पडणं... पण दोन महिने ही शाळेच्या फाटकाच्या अलीकडे, सायकली लावतात तिथेच थांबायची. मला वाटायचं, गुडघे दुखत असतील. त्या रविवारी हिनं खरं काय ते सांगितलं.

"तिथल्या एका बाईनं फरशी पुसायची खूण करून विचारलं, आमच्याकडे पण येशील का? मी लीनाकडे बघितलं. ती खाली मान घालून बूट बघत होती. काय ते कळलं मला."

"मग तू काय केलंस?"

"नाही म्हणून मान हलवली. घरी एक म्हातारा आहे आवरायला, तोच पुरे!"

मी तापलो. म्हटलं, वंदनाला सांगतो.

"खबरदार! बदडेल ती पोरीला. लहान आहे हो."

मंगळवारी कणीक मळताना ही खाली बसली ती उठली नाही. इथे जाळायलाही नंबर लागतो. पुढच्या सोमवारी उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तूप-साखर लावून पोळीची गुंडाळी केली, वाकडीतिकडीच, डब्यात घातली आणि लीनाला घेऊन निघालो. सायकलींपाशी ती आपणहून थांबली. "आजी इथे थांबते," तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली.

"ठाऊक आहे," म्हटलं, आणि फाटकाशी जाऊन उभा राहिलो. तिला ओढलं नाही. बऱ्याच वेळानं आली. एका बाईनं माझ्याकडे बघत तिला काहीतरी विचारलं. लीना म्हणाली, "ओपा." जावयाच्या बापाला ती तशीच हाक मारते. आजोबा.

मला बरं वाटायला हवं होतं... पण आजी म्हणून सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीस ना, पोरी. डबा तिच्या हातात दिला, माघारी फिरलो आणि शाळेची बेल होईपर्यंत सायकलींपाशी, हिच्या जागेवर उभा राहिलो.