तिसरी 'ब'च्या दारावरचा कागद

त्या वर्षी तिसरीच्या दोन तुकड्या झाल्या. 'अ' माझ्याकडे आली आणि 'ब' बदलीवर आलेल्या नव्या मॅडमकडे गेली. माझी मुलगीही त्याच वर्षी तिसरीत गेली होती. मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "मॅडम, आपलं लेकरू आपल्या वर्गात नको. तुमचाही जीव त्याच्यात अडकतो आणि बाकीच्यांना वाटतं लाड चाललेत. तिला 'ब'मध्ये टाकतो." मी "चालेल सर" म्हणाले. तेव्हा ते खरंच चालणार होतं.

आमची शाळा सोनईच्या पुढे, उसाच्या पट्ट्यातल्या एका मोठ्या गावात. जिल्हा परिषदेची. मी सोनईतच राहते आणि मुलीला स्कूटीवर मागे बसवून शाळेत नेते. सोळा वर्षं मी त्या शाळेत होते. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली आता आपली लेकरं अंगणवाडीत सोडायला येतात आणि मला बघून अजूनही ओढणी सारखी करतात. गावात माझ्या शब्दाला किंमत होती आणि ती मला आवडत होती, हे कबूल करायला आता हरकत नाही.

नव्या मॅडम अकोले तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका शाळेतून आल्या होत्या. वय तिशीच्या आसपास, आवाज इतका बारीक की परिपाठाला मागच्या रांगेपर्यंत पोहोचायचा नाही. मला वाटलं, ह्या पोरं कशी सांभाळणार.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गाच्या दारावर एक मोठा पांढरा कागद लागला. वर लिहिलं होतं, 'या सत्रात आपण काय शिकणार'. खाली ओळी होत्या. घड्याळ बघून वेळ सांगायला शिकू. भांडण न करता सारखं वाटायला शिकू, त्याला भागाकार म्हणतात. घरात येणारं पाणी कुठून येतं ते शोधून काढू. न अडखळता एक अख्खी गोष्ट दुसऱ्याला वाचून दाखवू. सर्वांत खाली एक ओळ रिकामी सोडून तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

नियोजन माझंही झालं होतं. वार्षिक, मासिक, घटकनिहाय, सगळं लाल कव्हर घालून कपाटात ठेवलेलं. तपासणीला कुणी आलं की ते काढून दाखवायचं, सही घ्यायची आणि परत ठेवायचं. पोरांनी ते कधी पाहिलं नव्हतं. पोरांना ते दाखवायचं असतं, असं मला सोळा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं, आणि हे मला दुसऱ्या कुणाच्या तरी दारासमोर उभं राहून कळत होतं. अक्षरही काय सुंदर होतं त्या कागदावरचं. मी पुढे जाताना मनात म्हणाले, चार दिवसांचा उत्साह आहे.

पण पालक मुलांना सोडायला आले की त्या दाराशी थांबायला लागले. मोबाईलवर फोटो काढायला लागले. आठवड्याभरात माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मला फाटकात भेटली. ती माझीच जुनी विद्यार्थिनी.

"मॅडम, आपल्या वर्गात काय काय शिकिवनार हाय ह्या टायमाला?"

"पुस्तकात आहे ते सगळं शिकवणार."

"न्हाई, त्या मॅडमनी समदं लिवून लावलंय ना. माझ्या जावंचं पोरगं तिकडं हाय. ते रोज घरी येऊन सांगतं, आज ह्यातलं हे झालं, आता हे राह्यलं. आमचं आपलं इचारलं तर म्हनतं, काय न्हाई."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

घरची गत याहून वाईट होती. स्कूटीवर मागे बसल्या बसल्या मुलीचं सुरू व्हायचं. "आमच्या मॅडम म्हणाल्या... आमच्या मॅडमनी आज..." ते 'आमच्या' मला टोचायचं. पहिली-दुसरीत तिला मी घरी अभ्यासाला बसवायचे तेव्हा दहा वेळा हाका माराव्या लागायच्या. आता ती न सांगता पोळ्या वाटून भागाकार करत होती. एकदा मी तिला वजाबाकी समजावायला गेले तर ती म्हणाली, "मम्मी, तू नको शिकवू. आमच्या मॅडमची रीत वेगळी आहे." ती सहज बोलली आणि खेळायला गेली. मी तशीच वही घेऊन बसून राहिले.

ऑगस्टमध्ये एका सोमवारी शाळेतून घरी येताना ती माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "मम्मी, एक सांगू? कुणाला सांगायचं नाही पण."

"सांग."

"त्या प्रश्नचिन्हाच्या ओळीत काय येणारे ते ठरलं. आम्ही अख्ख्या गावाचा नकाशा काढणार आहोत. शुक्रवारी सुरू. मॅडम म्हणाल्या, पूर्ण झाला की सगळ्या आईवडिलांना बोलवायचं, तोवर गुपित."

मी "छान" म्हणाले आणि स्कूटी चालवत राहिले. घरी पोहोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

मंगळवारी मी घोडेगावहून चांगल्या जाड कार्डशीट आणि स्केचपेनचे डबे आणले. बुधवारी सकाळी परिपाठ झाल्याबरोबर माझ्या वर्गाला दोन रांगांत बाहेर काढलं. ग्रामपंचायत, मारुतीचं देऊळ, सोसायटीचं ऑफिस, दूध डेअरी, बसथांबा, आणि परत. तासाभरात फेरी झाली. दुपारच्या खिचडीपर्यंत दोन कार्डशीट जोडून नकाशा तयार होता. रेघा मी पट्टीने मारून दिल्या होत्या, पोरांनी रंग भरले. मी फोटो काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला. अंगठे यायला लागले. मुख्याध्यापक वर्गात आले, चष्मा वर करून बघत म्हणाले, "वा मॅडम. केंद्रातल्या शाळांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत आपल्या शाळेकडून हाच मांडू."

त्या गडबडीत माझ्या वर्गातली एक मुलगी नकाशाजवळ आली. गणितात सगळ्यांत हुशार, वडील साखर कारखान्यात फिटर. गावाच्या खालच्या अंगाला पाट आहे आणि पाटाच्या पलीकडे बौद्ध वस्ती, ती तिथून यायची. माझ्या वर्गातली एकूण आठ मुलं तिथून यायची. तिने नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, "मॅडम, आमचं घर कुठं काढायचं?"

"पाटाच्या पलीकडे आज आपण गेलो नाही ना."

"मी तर रोज जाते," ती म्हणाली.

मी कागदाकडे पाहिलं. पाट मी कागदाच्या अगदी कडेला निळ्या रेघेने काढला होता. त्याच्या खाली जागाच नव्हती. "कागद संपला बघ," मी म्हणाले, "पुढच्या वेळी काढू." ती मान हलवून जागेवर जाऊन बसली. मला तेव्हा वाईट वाटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. माझं लक्ष मोबाईलवर होतं.

 संध्याकाळी घरी आल्यावर मुलगी दप्तर न काढताच दारात उभी राहिली.

"मॅडमनी सांगू नका म्हटलं होतं, तरी मी तुला सांगितलं. तू मम्मी आहेस म्हणून."

"अगं, नकाशा काय कुणाच्या मालकीचा असतो? परिसर अभ्यासाच्या पुस्तकातच आहे तो."

"मग इतके दिवस का नाही काढला?"

मी तिला हातपाय धुऊन यायला सांगितलं. त्या दिवसापासून तिने मला शाळेतलं काही सांगणं बंद केलं. आज काय शिकवलं असं विचारलं की म्हणायची, "काही नाही." माझ्या वर्गातली पोरं घरी द्यायची तेच उत्तर.

नव्या मॅडम गुरुवारी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आल्या. "नकाशा तुमच्या मनात आधीपासून होता का, मॅडम?"

"मी दरवर्षी घेते," मी म्हणाले.

"बरं." त्या म्हणाल्या. "माझी मुलं विचारतात, शेजारच्यांनी काढला, आता आपण कशाला काढायचा?"

"दुसरं काहीतरी घ्या की. घ्यायला काय कमी आहे."

"नाही," त्या त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "नकाशाच घेणार."

त्यांनी फेरी काढलीच नाही. प्रत्येक मुलाला पाठकोरा कागद दिला आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट काढून आणायला सांगितली. मुलांनी वाटेतलं सगळं आणलं. चिंचेचं झाड, चावणारं कुत्रं, उसाच्या ट्रॉल्या उभ्या राहतात ती जागा, बंद पडलेली पिठाची गिरणी. मग ते कागद व्हरांड्यात फरशीवर मांडून एकमेकांना जोडत गेले. कुणाचा रस्ता कुणाच्या रस्त्याला कुठे मिळतो यावरून भांडणं व्हायची, मग सगळे उठून प्रत्यक्ष बघून यायचे. तीन आठवडे ते चाललं. मी रोज तिथून वही-डस्टर घेऊन जायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. नकाशा वेडावाकडा होता, प्रमाणाचा पत्ता नव्हता, एका पोराचं घर देवळापेक्षा मोठं झालं होतं. पण तो सगळीकडे पसरत चालला होता. पाटाच्या पलीकडे, रानातल्या वस्त्यांपर्यंत.

एका दुपारी माझी ती पाटापलीकडची मुलगी मला व्हरांड्यात उकिडवी बसलेली दिसली. 'ब'च्या नकाशापाशी. मला बघून ती हसली.

"मॅडम, हे बघा आमचं घर. माझा चुलतभाऊ 'ब'मध्ये आहे, त्यानं काढलंय. खिडकी चुकलीय त्याची, पण घर आमचंच आहे. आणि हे विहार."

ती इतकी खूश होती, आणि मला काय वाटलं तर आधी तिचा राग आला. माझ्या वर्गातली मुलगी, आणि स्वतःचं घर बघायला तिला शेजारच्या वर्गात जावं लागलं. मग राग तिच्यावरून सरकला आणि जिथे यायला हवा होता तिथे आला. मी तिच्या शेजारी खाली बसले. "खिडकी कुठे आहे खरी?" असं विचारलं. तिने बोटाने दाखवली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभं राहून सांगितलं की आपल्या नकाशात माझी चूक झालीये, तो अर्धाच आहे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कारण मी असं कधी म्हटलं नव्हतं. मग मी त्या मुलीला पुढे घेतलं आणि म्हणाले, आज ही नेईल तिकडे जायचं. तिने आम्हाला पाटावरच्या अरुंद फळीवरून नेलं, मागून मी प्रत्येकाला हात धरून पार केलं. वस्तीवर तिच्या आजीने सगळ्यांना पाणी दिलं आणि मला म्हणाली, "बाई, सोळा वर्सं झाली तुमाला, पन हिकडं पयल्यांदाच आल्या." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार. परत येऊन आम्ही मूळ नकाशाला खालून तीन कागद जोडले. पट्टी मी कपाटात ठेवून दिली होती.

त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी नव्या मॅडमना थांबवलं. "मी नकाशा दरवर्षी घेत नाही," मी म्हणाले, "मुलीकडून कळलं होतं."

"मला माहिती आहे," त्या म्हणाल्या. "तुमची मुलगी त्या गुरुवारी सकाळीच माझ्याकडे येऊन रडली. माझ्यामुळे झालं म्हणून."

हे मला माहीत नव्हतं.  "मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? तुम्ही इथे सोळा वर्षं, मी आत्ता आले. गाव तुमचं ऐकतं." मग पर्स खांद्याला लावत त्या म्हणाल्या, "राग आला होता. अजूनही आहे थोडा." आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेल्या.

मुख्याध्यापकांना मी सांगितलं की शिक्षण परिषदेत 'ब'चाच नकाशा जाऊ द्या, आणि तो नव्या मॅडमनाच मांडू द्या. त्यांनी मांडला. चार शाळांच्या शिक्षकांनी त्यांना घेरून प्रश्न विचारले, केंद्रप्रमुखांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आत आग होत होती आणि हात टाळ्या वाजवत होते. मी योग्य तेच केलं होतं, पण त्याने जळणं काही थांबलं नाही. तसं ते थांबतं अशी माझी समजूत होती.

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा माझ्याही वर्गाच्या दारावर कागद लागला. काय लिहायचं ते मी पोरांना विचारून ठरवलं होतं. अक्षर माझं यथातथाच आहे. पालक दोन्ही दारांशी थांबायला लागले. आमच्या दाराशी जरा कमीच, किंवा मला तसं वाटायचं.

मुलगी हळूहळू बोलायला लागली. डिसेंबरमध्ये एकदा स्कूटीवर म्हणाली, "मम्मी, आज आम्ही हँगर घेऊन तराजू केला. खडूपेक्षा खोडरबर जड निघालं."

मी वेग कमी केला. "मला सांगितलेलं चालेल ना?"

तिने विचार केला. "हे चालेल," ती म्हणाली, "हे सगळ्यांना माहितीये."